शाळेने मानसिक आरोग्य संस्थेशी करार करताना नेमकं काय ठरवून घ्यावं? (कोल्हापूर)

करवीर_मुख्याध्यापक

रामराम मंडळी. करवीर तालुक्यातली अनुदानित माध्यमिक शाळा आहे. पाचवी ते दहावी, पट ७४०, त्यात आठवी ते दहावीचे ३८०. एका सामाजिक संस्थेने "विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशन" असा प्रस्ताव दिलाय. दोन पानी पत्र आहे, त्यात "तणावमुक्त विद्यार्थी" वगैरे बरंच काही आहे, पण कोण येणार, किती वाजता येणार आणि एखादं पोर खरंच अडचणीत दिसलं तर पुढं काय, हे कुठंच नाही.

विचारायचंय ते असं: १) संस्था पारखायची कशी? २) करारात काय लिहून घ्यायचं? ३) पालकांची संमती कधी, कशी घ्यायची? ४) सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) आणि सरकारी कार्यक्रमातून काय मिळू शकतं? संस्थाचालकांना १५ जूनला उद्घाटन हवंय, त्यामुळे जरा घाई आहे.

---

शालेय_समुपदेशक_राजारामपुरी

सर, उद्घाटन ऑगस्टवर ढकला. जून-जुलै तयारीलाच जातात आणि तयारी नसताना पेटी-रजिस्टर उघडलं की पहिल्या महिन्यातच पोरांचा विश्वास उडतो. तो त्या वर्षात परत येत नाही.

संस्थेला पहिला प्रश्न एवढाच विचारा: दर आठवड्याला कोण माणूस येणार, त्याचं नाव काय? "आमची टीम येईल" हे उत्तर आलं तर तिथंच थांबा. एकच माणूस पूर्ण शैक्षणिक वर्षभर यायला हवा. दर महिन्याला नवा चेहरा असेल तर मूल पहिलीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं आणि तिसऱ्या वेळी सांगायचं बंद करतं.

मग शिक्षण विचारा. समुपदेशकाकडे मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) आणि मुलांसोबत कामाचं प्रशिक्षण हवं. कुणी "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, मागायला लाजू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र फ्रेम करून आणणारे खूप आहेत. आणि त्या समुपदेशकाच्या वर ज्येष्ठ कोण आहे, महिन्यातून एकदा केसेसवर त्यांच्याशी चर्चा होते का, हेही विचारा. एकटा समुपदेशक, वर कुणी नाही, ही रचना धोक्याची. त्याच्यासाठीही.

आता हिशेब. आठवड्याला एक दिवस, चार तास धरा. ४५ मिनिटांच्या चार भेटी म्हणजे १८० मिनिटं. प्रत्येक भेटीनंतर नोंदीला १० मिनिटं, म्हणजे ४०. उरलेली २० मिनिटं शाळेच्या समन्वयक शिक्षकासोबत. संपले चार तास. सुट्ट्या, परीक्षा, गॅदरिंग वजा जाता वर्षात ३० आठवडे हाती लागतात, म्हणजे १२० भेटी. एका मुलाला साधारण ६ ते ८ भेटी लागतात. वर्षाला १५ ते २० मुलं झाली.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. महाराष्ट्र त्या सर्वेक्षणात नव्हता, पण अंदाजाला आकडा चालतो. तुमच्या ३८० वर तो २८ च्या आसपास जातो, आणि यात घरची भांडणं, प्रेमप्रकरण, मित्रांनी वाळीत टाकणं असले आजार नसलेले प्रश्न धरलेलेच नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी पाचवी ते सातवी घेऊ नका. आठवी ते दहावीच घ्या आणि "सर्व ७४० विद्यार्थ्यांना सेवा" असं करारात लिहू देऊ नका. लिहायला छान वाटतं, पण मग वर्गावर्गात भाषणं होतात आणि अहवालात ७४० लाभार्थी.

खोली. मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारची नको, स्टाफरूममधून दिसणारी नको, ग्रंथालयाचा कोपरा तर नकोच. दाराला काच असावी: आतली माणसं बाहेरून दिसावीत, बोलणं ऐकू येऊ नये. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात, पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ. बास.

मुलाला बोलवायची पद्धत यापेक्षा महत्त्वाची. शिपाई वर्गात येऊन "अमुक तमुकला समुपदेशनाला बोलावलंय" म्हणाला की पोराचं टोपणनाव त्याच दिवशी ठरतं. ऑफिसातून इतर कामांच्या चिठ्ठ्या जातात तशीच चिठ्ठी जावी. पीटीचा तास कधी काढून घेऊ नका, आठवड्यात त्याला तेवढाच आवडत असतो. दर वेळी गणिताचाही नको. तासिका फिरती ठेवा.

---

वकील_ताराबाई_पार्क

वरच्या उत्तराला कायद्याची जोड देतो.

सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा किंवा त्याची सेवा घ्यायची. त्याहून कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भसेवेची व्यवस्था करायची. शिकवणारे आणि शिक्षकेतर, दोन्ही कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे क्रमांक ठळक जागी. म्हणजे ७४० पटाच्या शाळेला हे ऐच्छिक राहिलेलं नाही. संस्थाचालकांसमोर हा मुद्दा ठेवा, काम सोपं होईल.

करारातली गोपनीयता नीट लिहा. बहुतेक मसुद्यांत "सर्व माहिती गोपनीय राहील" असं एक वाक्य असतं आणि तेच अंगाशी येतं. पोक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. समुपदेशकालाही सूट नाही. कलम २१ खाली न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. "आधी शाळेत चौकशी करू, खरं निघालं तर बघू" हे चालत नाही. चौकशी शाळेने करायचीच नाही. शाळेतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असो वा तक्रारपेटी, त्या पोलिसांच्या जागी नाहीत.

म्हणून गोपनीयतेला तीन अपवाद लिहा: मुलाच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, अत्याचार. आणि समुपदेशकाने पहिल्या भेटीत, मूल काही सांगायच्या आधी, हे तिन्ही अपवाद त्याला साध्या मराठीत सांगायचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने मित्राबद्दल सगळं सांगून टाकल्यावर "आता मला पोलिसांना कळवावं लागेल" म्हणणं म्हणजे तिचा घात आहे. कायद्यात अठराखालच्या संमतीला अर्थ नाही, तेव्हा मर्यादा आधीच कळायला हवी.

संस्थेच्या प्रत्येक येणाऱ्या माणसाचा पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणी दाखला फाइलला लावा. कराराआधी, नंतर नाही.

संमतीपत्र जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांसोबत घ्या, पण प्रवेशअर्जातच बारीक अक्षरात घुसवू नका. वेगळं एक पान, मराठीत. वर्गातल्या सामूहिक सत्रांना पालकांना माहिती दिली तरी पुरते. एकेकट्याच्या नियमित भेटींना मात्र लेखी संमती हवी. संमती नसलेलं मूल स्वतःहून रडत आलं तर त्याला परत पाठवायचं नाही. त्या दिवशी ऐकून घ्या, सुरक्षित आहे का पाहा, मग पालकांना बोलवा. पालकांपासूनच धोका असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि बाल कल्याण समिती.

नोंदी संस्थेच्या कुलपात राहतील, शाळेच्या नाही. जनरल रजिस्टरला किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर याचा एक शब्दही येता कामा नये.

---

टेक्नो_गुरुजी

एवढं कशाला? गुगल फॉर्मवर प्रश्नावली द्यायची, ३८० पोरं दोन तासांत भरतात, एक्सेलमध्ये लाल-पिवळं-हिरवं करायचं. लाल तेवढी संस्थेला द्यायची. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली नेटवर फुकट आहे.

---

शालेय_समुपदेशक_राजारामपुरी

गुरुजी, हे अजिबात करू नका. त्या नऊ प्रश्नांतला नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. शुक्रवारी फॉर्म भरून घेतला, सोमवारी एक्सेल उघडलं आणि त्यात "जवळजवळ रोज" असं उत्तर दिसलं, तर मधल्या दोन दिवसांची जबाबदारी कुणाची? नियम असा: ज्या दिवशी विचारलं, त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी उत्तरं वाचली गेली पाहिजेत आणि त्या मुलाशी माणसाने बोललं पाहिजे. तेवढी माणसं नसतील तर विचारायचं नाही. शिवाय वर्गमित्र शेजारी बसलेला असताना कोण खरं लिहितं? आणि ते एक्सेल व्हॉट्सअॅपवर फिरलं की संपलंच.

(प्रत्यक्ष संवादात आत्महत्येबद्दल थेट विचारायला मात्र घाबरू नये. विचारल्यामुळे डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर बहुतेक मुलं मोकळी होतात.)

प्रश्नावलीऐवजी शिक्षकांच्या निरीक्षणाची चिठ्ठी ठेवा. अर्ध्या पानाची. त्यावर निदान लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. "डिप्रेशन वाटतं", "घरचं वळण नाही" असं लिहिलेली चिठ्ठी परत द्या. "दोन आठवड्यांत पाच दिवस गैरहजर, डबा खात नाही, मराठीची वही कोरी, आधी बोलका होता" ही कामाची चिठ्ठी. असा बदल दोन आठवडे टिकला की चिठ्ठी समन्वयकाकडे. मरणाची भाषा, हातावर कापल्याच्या खुणा, आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकणं यातलं काही दिसलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच तासाला.

आणि शिक्षकांना एक गोष्ट पहिल्या प्रशिक्षणातच ठणकावून सांगा: "गप बस, नाहीतर समुपदेशनाला पाठवीन" हे वाक्य ज्या वर्गात एकदा उच्चारलं गेलं, तिथून स्वतःहून कुणी येत नाही.

---

मनोविकार_समाजकार्य_सीपीआर_परिसर

सरांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

सरकारी बाजूला चार दारं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात शाळांतलं काम धरलेलं आहे, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. शिक्षक प्रशिक्षणासाठी या टीमचा उपयोग जास्त, दर आठवड्याच्या भेटींसाठी नाही. दुसरं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली मैत्री क्लिनिकं, १० ते १९ वयासाठी. तिसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच. त्या दिवशी नुसती वजन-उंची करून सोडू नका, तुमच्याकडची नावं त्यांना दाखवा, पुढच्या संदर्भाची चिठ्ठी तिथंच मिळते. चौथं, सीपीआरचा मनोविकार विभाग. पालक "थोरल्या दवाखान्यात जाऊन या" म्हटलं की जातात, "मनोविकारतज्ज्ञांकडे जा" म्हटलं की जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता करारातलं सर्वांत दुबळं पान: तातडीची वेळ. बहुतेक करारांत "योग्य ती कार्यवाही केली जाईल" लिहिलेलं असतं. त्याजागी क्रम लिहा, नावानिशी.

मूल एकटं सोडायचं नाही, शौचालयाकडे जाताना दाराशी कुणीतरी हवं. समन्वयक शिक्षक पाचच मिनिटांत मुख्याध्यापकांना सांगणार, दुसऱ्या कुणाला नाही. पालकांना फोन: "तब्येत बरी नाही, येऊन घेऊन जा, आम्ही सोबत येतो" एवढंच. फोनवर तपशील सांगितला की बाप रस्त्यातच पोराला बडवायचं ठरवून येतो. समुपदेशक त्या दिवशी शाळेत नसेल तर त्याच्या फोनवर, तो नाही उचलला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. काही खाल्ल्या-प्यायल्याचा संशय असेल तर बोलणं बाजूला, थेट अपघात विभाग, १०८. वाहन कुणाचं, सोबत कोण, मुलगी असेल तर कोणत्या मॅडम, हे आधी लिहून ठेवलेलं हवं. मुलाला चिठ्ठी देऊन एसटीत बसवून देणं कधीच नाही. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा.

पालकांना त्याच दिवशी सांगा: शेतीची औषधं, घरातल्या गोळ्या आजपासून कुलपात, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. आपल्याकडं ऊसपट्ट्यात तणनाशकाचा डबा न्हाणीजवळ पडलेला असतो. या एका गोष्टीने जीव वाचतात, आणि याला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

मूल दवाखान्यातून परत शाळेत येतं त्या दिवसाचीही तयारी लागते. हे सगळीकडे राहून जातं. आदल्या दिवशी पालक, वर्गशिक्षक आणि समुपदेशक अशी पंधरा मिनिटांची बैठक: गृहपाठ किती दिवस माफ, चाचणी केव्हा, गोळीमुळे पहिल्या तासाला झोप येत असेल तर कुठं बसवायचं, मित्रांनी विचारलं तर काय सांगायचं. काय सांगायचं ते मुलाने ठरवायचं.

पालक देवऋषाकडे नेत असतील तर त्यावरून वाद घालत बसू नका. गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि पोराला मारहाण, उपाशी ठेवणं चालणार नाही, या दोन गोष्टींवर ठाम राहा. बाकी अंगारा लावू देत.

---

करवीर_मुख्याध्यापक

खूपच उपयोगी. आणखी दोन शंका. समुपदेशक शाळेला परत काय सांगणार? वर्गशिक्षक म्हणणार, आम्ही पोर पाठवलं, आम्हाला कळायला नको का? आणि आमच्याकडं "लक्ष नाही, लिहीत नाही" अशा तक्रारीच जास्त, त्या याच रांगेत लावायच्या का?

---

शालेय_समुपदेशक_राजारामपुरी

परत तीनच गोष्टी: मूल आलं की नाही, वर्गात काय बदल करायचा, पुढची भेट केव्हा. "पुढच्या बाकावर बसवा, महिनाभर मोठ्याने वाचायला उठवू नका" हे शिक्षकाला पुरतं. का, ते कळायची गरज नाही. सुरुवातीला शिक्षक रागावतात, पण सांगितलेल्या बदलाने वर्गात फरक पडताना दिसला की विचारायचं सोडतात. सांगितलेला बदल केला का, हे समन्वयकाने पंधरा दिवसांनी विचारायचं, नाहीतर ती चिठ्ठी ड्रॉवरमध्येच राहते.

---

विशेष_शिक्षिका_इचलकरंजी

दुसऱ्या शंकेबद्दल: नाही, ती रांग वेगळी करा. "लिहीत नाही" म्हणून आलेल्या मुलाचे आधी डोळे आणि कान तपासा. मग अध्ययन अक्षमतेचा विचार. अशा मुलाला समुपदेशनाच्या आठ भेटी दिल्या तरी त्याचं 'ब' आणि 'व' सुटत नाही, त्याचा आत्मविश्वास मात्र आणखी जातो, आणि दुसऱ्या मुलाच्या आठ भेटीही वाया जातात.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. चाचण्यांना अनेक फेऱ्या लागतात. आठवीच्या पहिल्या सत्रात सुरू करा. दहावीच्या डिसेंबरात धावणारे पालक हात हलवत परत येतात. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आधी दाखवा, त्यांना प्रमाणपत्राचा रस्ता पाठ असतो.

---

केंद्रप्रमुख_गगनबावडा

आमच्याकडं शाळांचा पट १०० च्या आत, वाड्यावस्त्यांवर. एकेका शाळेने करार करणं अशक्य. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून एकच करार करावा, समुपदेशक केंद्रशाळेत महिन्यातून दोनदा. अडचण एसटीची. भेटीची वेळ परतीच्या गाडीला धरून ठेवा, नाहीतर दुसऱ्या भेटीला मूल येत नाही. मधल्या आठवड्यात फोनवरून बोलणं चालतं, पण फोन घरातल्या कुणाचा आणि बोलताना शेजारी कोण बसतं, हे विचारून.

कोल्हापूरच्या सायबर महाविद्यालयातल्या एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी शाळा दिली तर गृहभेटी आणि पालकांशी बोलणं ते चांगलं करतात. समुपदेशन त्यांच्यावर सोपवू नका. आणि परीक्षा जवळ आल्या की ते जातात, म्हणून फेब्रुवारीतच मुलांना निरोपाची तारीख सांगून ठेवायची.

पुराचंही कलम घाला. शिरोळ, करवीरच्या शाळा २०१९ आणि २०२१ ला निवारा केंद्रं झाल्या होत्या. शाळा बंद असताना समुपदेशक कुठं बसणार आणि ज्यांच्या भेटी सुरू आहेत त्या मुलांना आठवड्यात एक फोन कोण करणार, एवढं लिहिलं तरी पुरे.

---

वकील_ताराबाई_पार्क

सर, सही करण्याआधी आणखी तीन ओळी. एक, संस्थेचा माणूस शाळेतल्या मुलाला स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या खासगी क्लिनिकला पाठवणार नाही. पुढं पाठवायचं झालं तर किमान दोन पर्याय आणि त्यातला एक सरकारी. मोफत सेवेचा खर्च कुठून निघतो, हे इथंच कळतं. दोन, फोटो नाहीत. बॅनरसमोर समुपदेशन घेतानाचा फोटो पेपरात देणाऱ्या संस्था आहेत. शाल-श्रीफळ हवं तर संस्थाचालकांसोबत घ्या, पोरांना त्यात उभं करू नका. तीन, कोणीही करार मोडला तरी ३० दिवसांची पूर्वसूचना आणि सुरू असलेल्या प्रत्येक मुलाची लेखी सोपवणी.

---

करवीर_मुख्याध्यापक

संस्थेला उद्याच नाव, शिक्षण, ज्येष्ठ कोण आणि वार अशी चार गोष्टींची विचारणा पाठवतो. समन्वयक म्हणून नववीच्या मॅडमना विचारलंय, त्यांचे आठवड्याचे दोन तास कमी करावे लागतील.

---

शालेय_समुपदेशक_राजारामपुरी

दोन नाही, तीन करा सर. एक तास चिठ्ठ्या वाचायला, एक पालकांच्या फोनला, एक समुपदेशकासोबत. आणि एक राखीव समन्वयकही ठेवा, मॅडम रजेवर असतील त्या दिवसासाठी. संमतीपत्रात मात्र "मानसिक आजार" शब्द वर शीर्षकात नको. "अभ्यास, मैत्री, घर किंवा मनावरचा ताण याबद्दल आपला पाल्य शाळेतील समुपदेशकाशी बोलू शकेल. बोलणं खासगी राहील. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तरच संबंधितांना कळवलं जाईल. ही संमती केव्हाही मागे घेता येईल." खाली सही, तारीख, आणि दिवसा उचलला जाईल असा फोन नंबर.